मोहीम: ट्रॅक्शन कंट्रोल बंद

१४ सप्टेंबर, रविवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या मोहिमेवर निघालेल्या माणसानं नोंदी ठेवाव्यात. ही कोणी वाचायची नाही. वाचताना कोणी सापडलाच तर तंगडं मोडीन.

दसरा तोंडावर आलाय. आमच्या घराण्यात, पणजोबा बडोदा संस्थानच्या पागेत होते तेव्हापासून, एक चाल आहे. दसऱ्याच्या दुपारी सगळे भाऊबंद सिंधरोटकडच्या शेतावर जमतात, शस्त्रपूजा होते, आणि मग शिवेच्या दगडापासून पलीकडच्या आपट्यापर्यंत शर्यत. आधी घोडे होते, मग बुलेट आल्या, आता गाड्या. नवरा गाडी हाकणार, बायको शेजारी बसणार, आणि ती खिडकीतून हात काढून पान तोडणार. ज्या जोडप्याचं पान पहिलं, त्यांच्या घरी वर्षभर पणजोबांची तलवार. बायको शेजारी नसेल तर शर्यत धरत नाहीत. हा नियम ज्यानं केला त्याचं लग्न झालेलं नसणार.

तलवार सध्या समरजितकडे. चुलतभाऊ. माझ्याहून लहान, पण चारी चाकांना जोर असलेली नवी एसयूव्ही आहे, म्हणून छाती काढून चालतो. माझी गाडी जुनी, जर्मन, मागच्या चाकांवर चालणारी. खानदानी. सेकंडहँड आहे, पण आधीचा मालक सिव्हिल सर्जन होता.

आज शेतावर ट्रायलला गेलो. चिखलात ॲक्सिलरेटर दाबला तर गाडी डरकाळी फोडायची सोडून गप्प. जितका दाबावा तितकी गप्प. डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचं चित्र असलेला पिवळा दिवा माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होता. शेवटी समरजितनं दोरी लावून ओढून काढलं. सगळ्या भावकीसमोर. वर समजावतोय की दादा, ते ट्रॅक्शन कंट्रोल आहे, चाक जागच्या जागी फिरायला लागलं की ते इंजिनाचा जोर कापतं, सेफ्टीसाठी असतं.

सेफ्टी! घोड्याला कोणी सांगितलं होतं सेफ्टी?

निघताना टायरला लाथ मारली. रागानं नव्हे, हवा बघायला. अंगठ्याचं नख काळं पडलंय.

१५ सप्टेंबर
संकल्प पहिला: ट्रॅक्शन कंट्रोलचा मुडदा पाडणे. दुसरा: चिडायचं नाही. हे डॉक्टरांनी माझ्या बीपीसाठी सांगितलंय आणि बायकोनं, संयोगितानं, घरातल्या काचसामानासाठी.

आज ऑफिसात (माझी सिक्युरिटी एजन्सी आहे, वॉचमन पुरवतो) एकावरही ओरडलो नाही. सगळे रजेवर होते.

१६ सप्टेंबर, सकाळ
गियरजवळ बटण सापडलं! त्यावर तेच चित्र. दाबलं. पिवळा दिवा लागला तो लागूनच राहिला, म्हणजे कंट्रोल बंद. इतकं सोपं. समरजित, आता बघ.

१६ सप्टेंबर, संध्याकाळ
गाडी बंद करून चालू केली की कंट्रोल पुन्हा आपोआप चालू! परत दाबलं, परत तेच. मालक मी, किल्ली माझी, आरसी बुकावर नाव माझं, आणि ही बया दरवेळी माझा हुकूम विसरते. शिवाय यूट्यूबवरचा एक सरदारजी म्हणतो की या मॉडेलात बटण दाबूनही कंट्रोल पूर्ण मरत नाही, गाडी फारच घसरली तर परत उठून बसतं.

शांतपणे विचार केला. विचार करताना हात डॅशबोर्डवर पडला. एसीची जाळी आत गेली. आता गार हवा फक्त माझ्या काखेत येते. उन्हाळ्यात उपयोगच होईल.

१८ सप्टेंबर
उपाय सापडला. फ्यूज! त्याच सरदारजीचा व्हिडिओ. फ्यूज काढला की खेळ खलास. व्हिडिओच्या शेवटी वॉर्निंग वगैरे होती, ती स्किप केली.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये पक्कड घेऊन बसलो. कुठला फ्यूज ते व्हिडिओत नीट दिसत नव्हतं, म्हणून अंदाजानं एक उपटला. वायपर मेले. दुसरा उपटला. चोरांसाठीचा अलार्म सुरू झाला तो थांबेना. किल्लीनं थांबेना, बॅटरीची वायर काढली तरी थांबेना, मग बॉनेट उघडून सायरनला हातोडीनं समजावलं. चौथ्या-पाचव्या घावाला समजलं त्याला.

तोवर समोरच्या ब्लॉकचे किरीटभाई दाढीचा साबण तोंडावर घेऊन खाली आले. सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, त्यामुळे स्वतःला कलेक्टर समजतात. म्हणाले, मानसिंगभाई, सवार सवारमां आ शुं मांड्युं छे, सकाळी सकाळी हे काय, घरात माणसं झोपलीयत. मी नम्रपणे सांगितलं की तुम्ही वर जा. ते गेले नाहीत. मी हात फक्त पुढे केला. त्यांचं नाक मधे आलं. चष्मा कुंड्यांमध्ये सापडला, दोन ठिकाणी.

मी चिडलेलो नव्हतो. हातात पक्कड होती तरी वापरली नाही, हाच पुरावा.

संयोगिता किरीटभाईंकडे जाऊन माफी मागून आली. माझी, मला न विचारता.

२० सप्टेंबर
मोहिमेला मोठा अडथळा. संयोगिता म्हणते की गाडीतलं ते पिवळ्या दिव्याचं जे काय आहे ते चालू असेल तरच मी शर्यतीत बसेन. तिला समरजितच्या बायकोनं सगळं सांगितलेलं दिसतंय. गेल्या पावसाळ्यात अकोट्याच्या पुलाजवळ एका टेंपोला धडा शिकवताना मी दुभाजकावर चढलो होतो, ते अजून तिच्या डोक्यातून जात नाही. म्हणते, त्या दिवशी त्यानंच वाचवलं आपल्याला. मी वाचवलं! स्टिअरिंगवर मी होतो!

मी मुद्दे मांडले. मांडताना टेबलावरचा काचेचा बोल खाली गेला. तिनं मेथी निवडता निवडता मानसुद्धा वर केली नाही. फक्त म्हणाली, अहो, पायात चप्पल घाला, काचा आहेत.

ती बसली नाही तर शर्यतीतून नावच कटतं. बाबा गेल्यापासून तलवार एकदाही या घरात आलेली नाही. शेवटी देवघरासमोर उभं राहून कबूल केलं की कंट्रोल चालू ठेवीन. तिनं हात धुऊन येऊन मला परत एकदा म्हणायला लावलं. म्हटलं. देवीला माझा हेतू कळतो.

२२ सप्टेंबर, घटस्थापना
शुभ दिवस. फ्यूज काढला. यावेळी बरोब्बर तोच!

किरकोळ गोष्टी: त्याच फ्यूजवर ब्रेकचं एबीएसही होतं म्हणे, ब्रेक मारल्यावर चाकं आवळू नयेत म्हणून असतं ते, तेही गेलं. पूर्वजांच्या घोड्याला कुठे एबीएस होतं. स्पीडोमीटरचा काटाही झोपला, कितीही पळवा, शून्यावर. आणि डॅशबोर्डवर दिवे पेटले, पिवळे आणि एक लाल, विझतच नाहीत. लग्नघरासारखी रोषणाई.

हे दिवे संयोगितानं पाहिले तर संपलंच. डोकं चालवलं. मांडवीच्या दुकानातून तुळजाभवानीचा स्टिकर आणला, चांगला तळहाताएवढा, आणि नेमका दिव्यांवर लावला. आई आमची कुलस्वामिनी. पणजोबासुद्धा तिचं नाव घेऊनच लढाईवर जात. त्यात गैर काय?

संध्याकाळी संयोगिता गाडीत बसली आणि स्टिकरकडे बघत राहिली. मला घाम फुटला. मग तिनं दोन बोटं स्टिकरला लावून कपाळाला लावली. म्हणाली, बरं केलंत. काट्याचं विचारलं तर सांगितलं, जुनी गाडी आहे, असायचंच.

२५ सप्टेंबर
सरावाला चिखल हवा होता. परवाच्या पावसानं गरब्याच्या मैदानाबाहेरचं पार्किंग म्हणजे नुसता राडा झालाय. गेलो. काय सांगू! ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडी अशी ओरडली की अंगावर काटा आला. कोणी जोर कापत नाही, कोणी डोळा मिचकावत नाही. मागची चाकं गरागरा. गाडी पुढे फारशी गेली नाही, पण आवाज पुढे जाण्याचाच होता.

मागे बघायचं राहिलं. चिखल सगळा मागे उडत होता आणि मागे चनियाचोळ्या घातलेल्या मुली नि त्यांचे भाऊ तिकिटाच्या रांगेत उभे होते. भाऊ बरेच होते. मला दारातून ओढून काढलं. मी एकाचा कुर्ता फाडला आणि एकाला चावलो, पण संख्याबळ त्यांचं. बडोद्याचा गरबा टाळ्यांचा, दांडिया नसतात, हे माझं नशीब. सगळं हातानंच झालं.

डावा डोळा बंद आहे. घरी सांगितलं, पार्किंगमध्ये घसरून पडलो. संयोगितानं हळद लावली. म्हणाली की माणसानं वयानुसार चालावं. गाडी नीट चालवता ना हल्ली, असंही विचारलं. म्हटलं, गोगलगायीसारखी.

आजच्या सरावाचा निष्कर्ष: गाडी पूर्ण माझ्या ताब्यात आहे.

२८ सप्टेंबर
समरजितचा फोन. म्हणतो, दादा, शेत फार ओलं आहे, यंदा शर्यत नको करूया. सगळे चालत आपट्यापर्यंत जाऊ, तलवार तुम्ही घेऊन जा. माझ्याकडे बरीच वर्षं झाली, वहिनींनाही पूजा करू दे.

भीक! मला, मानसिंगरावाला, फोनवरून भीक!

त्याला कळलंय की यंदा तो हरणार. म्हणून हा कावा. मी सांगितलं की तलवार दान घ्यायची नसते. दत्ताजीकाकांना लगेच फोन लावला. आमच्या भावकीत तेच थोरले, निशाणीचा रुमाल तेच खाली करतात. ते म्हणाले, मान्या, पोरगं शहाणं बोलतंय. ऐंशीच्या पुढे गेले की माणसं हळवी होतात. शर्यत होणार म्हणजे होणारच, असं बजावलं.

फोन भिंतीवर ठेवला. स्क्रीन गेली. भिंतीचंही थोडं प्लॅस्टर.

१ ऑक्टोबर
सगळी तयारी पूर्ण. गाडी धुतली, चाकांना हळदकुंकू, बॉनेटवर झेंडूची माळ. देवघराशेजारच्या भिंतीवर तलवारीसाठी खिळे ठोकले. एक अंगठ्यावर बसला.

संयोगितानं उद्यासाठी हिरवी पैठणी काढलीय. इस्त्री करताना म्हणाली, या नवरात्रात तुम्ही बरेच निवळलात. स्टिकर लावलात, गाडी हळू चालवता, मला एका शब्दानं बोलला नाहीत. उद्या मला भीती नाही वाटायची.

मी खाली जाऊन टूलबॉक्स उघडला. फ्यूज टूलबॉक्समध्येच आहे, मिनिटाचं काम आहे. पण मग चाकांचा जोर परत कापला जाणार आणि समरजित परत दोरी घेऊन येणार. नाही. एका दिवसाचा तर प्रश्न आहे. तलवार घरी आली की परवा सकाळी पहिलं काम फ्यूज लावणे.

२ ऑक्टोबर, दसरा, सकाळ
आज विजय.

३ ऑक्टोबर
गवत प्रमाणाबाहेर ओलं होतं. विहिरीवरची पंपाची खोली चुकीच्या जागी बांधलेली आहे, हे मी पूर्वीही म्हटलं होतं. सुरुवात मात्र उत्तम झाली.

दत्ताजीकाकांनी रुमाल खाली केला. समरजित थोडा पुढे होता, फार नाही. बाकीच्या गाड्या मागे कुठेतरी. संयोगिता म्हणाली, अहो, हळू. मी आणखी दाबलं. आपटा दिसत होता. समरजितच्या मागच्या दाराशी पोचलोच होतो. ती परत काहीतरी म्हणाली, इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. आलं होतं. ती म्हणाली, अहो, थांबा.

मग गाडीची मागची बाजू पुढे आली. मी ब्रेक मारला. चाकं जागच्या जागी आवळली गेली आणि गाडी ओल्या फरशीवरचं ताट सरकावं तशी आडवी सरकत गेली. मी स्टिअरिंग फिरवत होतो. त्याचा आणि गाडीचा काही संबंध उरला नव्हता. पंपाच्या खोलीचा कोपरा आला. तिच्या बाजूनं.

काच फुटली. तिचं डोकं दाराच्या पट्टीवर आपटलं. पैठणीवर रक्त आलं ते आधी कुंकू वाटलं मला. धक्क्यानं डॅशबोर्डवरचा स्टिकर निघून खाली पडला होता. खालचे सगळे दिवे पेटलेले. ती कपाळ धरून त्यांच्याकडेच बघत होती. एकदा दिव्यांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

समरजित आपट्यापाशी पोचलेला होता. हात लांबवला असता तर पान. त्यानं तिथेच गाडी सोडली आणि धावत आला. मला वाटलं खिजवायला आला, बोलायला आला, मारायला आला. काय वाटलं ते आता आठवत नाही. मी उतरलो आणि त्याच्या तोंडावर ठोसा मारला. तो बाजूनं दाराकडे जायला लागला, तर परत मारला. त्याचा ओठ फाटला. त्याच्या हातात पाण्याची बाटली होती, हे मला तिसऱ्यांदा मारताना दिसलं. तेवढ्यात दत्ताजीकाका धापा टाकत आले आणि माझ्या पाठीत काठी घातली. मान्या, आधी बायकोला काढ, म्हणाले.

समरजितनं काढलं. तोंडातून रक्त गळत होतं त्याच्या. त्याच्या गाडीतून तिला सयाजीगंजात दवाखान्यात नेलं. मी मागच्या सीटवर बसलो. मी पुढे बसतो म्हटलं नाही आणि मला कोणी बस म्हटलंही नाही.

कपाळाला टाके पडले. स्कॅन नॉर्मल आहे. हाड शाबूत. डॉक्टर म्हणाला की थोडक्यात निभावलं.

घरी आल्यावर एकच वाक्य बोलली. तुम्ही देवासमोर सांगितलंत म्हणून मी बसले.

गवत खरंच ओलं होतं.

नाही. खोटं मी बोललो. दोनदा. तिनं परत म्हणायला लावलं तेव्हाही.

५ ऑक्टोबर
समरजित आला. लाल फडक्यात गुंडाळलेली तलवार घेऊन. ओठ वडीएवढा सुजलाय, एक दात हलतोय. माफीचं भाषण मी तयार ठेवलं होतं, दोन पानांचं, त्यात ओल्या गवताचा उल्लेख फक्त एकदा. तो म्हणाला, दादा, राहू दे. मी आठवड्यापूर्वीच देणार होतो. दसऱ्याला पानाला कोणीच हात लावला नाही, म्हणून काकांनीही सांगितलं की नेऊन टाक त्याच्याकडे, कटकट नको.

संयोगिता खोलीतून बाहेर आली. डोक्याला पट्टी. त्याला चावता येत नाही म्हणून तिनं शिरा केला, बशी त्याच्या हातात दिली, जवळ बसून ओठाची चौकशी केली. मलाही बशी दिली. टेबलावर ठेवून.

तो गेल्यावर तलवार उपसायला गेलो. म्यानातून निघेना. गुडघा लावून ओढली, तरी नाही. समरजितला फोन केला, तर म्हणाला की ती कधीच निघत नाही, आजोबांच्या काळापासून गंजून बसलीय, पूजा म्यानावरूनच करायची असते. माहीत नव्हतं तुम्हाला? मला कसं असणार, बाबा कधी हात लावू देत नसत.

खिळ्यांवर टांगली. संयोगितानं संध्याकाळी दिवा लावला, देवांना लावला. भिंतीकडे बघितलं नाही.

६ ऑक्टोबर, कोजागिरी
दूध आटवलं नाही. किरीटभाईंच्या बायकोनं पातेलंभर पाठवलं. निरोप: बेनने तबियत साचववानी. म्हणजे तब्येत जपायची, बेनची. माझा उल्लेख नव्हता.

९ ऑक्टोबर
आज टाके काढायचे होते. गाडी दार उचकटलेल्या अवस्थेत खाली उभी आहे. म्हटलं, ॲक्टिव्हावरून नेतो, तिसाच्या वर जाणार नाही. ती चपला घालत होती. म्हणाली, रिक्षा बोलावलीय.

मी येऊ का, असं विचारलं. असं मी तिला आजवर कधी विचारलेलं नाही, सांगतच आलोय. ती म्हणाली, या.

रिक्षात मी मधे जागा सोडून बसलो. मग थोडा सरकलो. रिक्षावाला बरा होता, सावकाश चालवत होता, तरी मी दोनदा भाई, धीमे म्हटलं. दुसऱ्यांदा तो म्हणाला, काका, बेने बेसतां ज कही दीधुं छे. ती बसतानाच सांगून बसली होती.

स्टेशनच्या पुलाखाली मोठा खड्डा आहे. लग्न झाल्यापासून खड्डा आला की ती माझी बाही धरते. मी चिडतोही त्यावरून, शर्ट चुरगळतो म्हणून. खड्डा लांबूनच दिसला, तेव्हा मी हात तिच्या बाजूला नेऊन ठेवला.

रिक्षा आपटली. तिनं पुढचा दांडा धरला.

दवाखान्यापर्यंत आणखी बरेच खड्डे होते. हात मी तिथेच ठेवला होता.